खाडीवाले अंबडकर

"तशी टेकडी तिथं न्हाई," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि पन्ह्याचा एक घोट घेऊन त्यांनी पेला खाली ठेवला. आवाजात भांडण नव्हतं, खोटं पकडल्याचा आनंद तर नव्हताच. एखाद्या पोरीनं बेरजेत हातचे सात धरावेत आणि बाईंनी वहीकडं बघत 'सात न्हाई, दोन' म्हणावं, तितक्याच सहज. गिरिधर अंबडकरचा उजवा हात मात्र हवेतच राहिला. तो हात त्या क्षणी टेकडी दाखवत होता. आधी तळहात पालथा, म्हणजे खाडीचं सपाट पाणी. मग बोटं हळूहळू वर, म्हणजे माशासारखी लांबट टेकडी, शेपटीकडं निमुळती होत गेलेली. आणि शेवटी तर्जनीचं टोक, म्हणजे वरचं देऊळ. सव्वादोन वर्षं हा हात न चुकता असाच वर गेला होता, आणि दर वेळी समोरच्यांनी 'अगं बाई' किंवा 'क्या बात है' म्हटलं होतं. आज देऊळ तर्जनीवर तसंच तरंगत राहिलं आणि खालची टेकडी कुणीतरी काढून नेली. "म्हणजे?" त्यानं विचारलं. "म्हणजे कांडशेतच्या खाडीत टेकडीच न्हाई. चार वर्षं रोज लाँचनी पलीकडच्या काठाला शाळंत जात होते मी. दोन्ही अंगाला कांदळाची झाडी, मधी पाणी. माशासारखी टेकडी, वर देवीचं देऊळ, खाली दगडी पायऱ्या..." बाई थांबल्या, आणि खरोखरच आत्ता आठवावं तसं त्यांना हसू आलं. "ही तं आपली अंबडची मत्स्योदरी झाली की, साहेब."

अप्पाराव मोठ्यांदा हसला. अप्पाराव हा बियाण्याचा दुकानदार आणि वाचनालयाचा कार्यवाह. बियाणं उगवलं नाही तरी तो असाच हसायचा. येत्या शनिवारी व्याख्यानमालेत गिरिधरचं 'खाडीच्या पाण्यावर' असं भाषण होतं, फळा रंगवून चौकात लागला होता, आणि भाषणाआधी वक्त्याची ओळख करून द्यायला म्हणून अप्पारावनंच या सत्यशीलाबाईंना शोधून आणलं होतं. बाई टेंभुर्णीच्या. कोकणात नोकरी करून महिन्यापूर्वीच जालन्यात मुलींच्या शाळेत आलेल्या. "बाई त्याच मुलखात मास्तरीण होत्या, म्हणलं दोन खाडीवाले एका ष्टेजवर बसवू," दारातून आत येतानाच अप्पारावनं जाहीर केलं होतं. त्याच्या मागं त्याची बायको कौसल्या, तिच्या मागं बाई. बाई बौद्ध घरातल्या आहेत हे अप्पारावनं सकाळीच कळवलेलं असल्यामुळं 'आमच्याकडं तसलं काही नसतं बरं का' हे वाक्य गिरिधरनं त्यांना बसायला सांगताना एकदा आणि पन्हं देताना एकदा, कुणी न विचारता म्हटलं होतं. बाईंनी दोन्ही वेळा 'बरं' म्हटलं होतं. तिथपर्यंत सगळं बेतशीर चाललं होतं.

मत्स्योदरी. गिरिधरनं हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. हात जड लागत होता, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा. आपलं आडनाव अंबडकर. आपला जन्म त्या टेकडीच्या पायथ्याशी, नवरात्रात अनवाणी त्या पायऱ्या आपण मोजलेल्या, तिसऱ्या टप्प्यावर बसून बापाच्या हातचे बत्तासे खाल्लेले. टेकडी माशासारखी दिसते म्हणून देवीचं नाव मत्स्योदरी, हे शाळेत येणाऱ्या प्रत्येक इन्स्पेक्टरला आपणच उभं राहून सांगायचो. आणि तीच टेकडी सव्वादोन वर्षं आपण कोकणच्या खाडीत उभी करून जालनेकरांना दाखवत राहिलो, नि आपल्याला ओळखू आली नाही. जालनेकरांना आली नाही, ते एक असो. अंबडच्या कोर्टातले दोन वकील एकदा ऐकायला आले होते. तेही माना डोलावून गेले. भोवती पाणी घातलं की स्वतःचं गावसुद्धा ओळखू येत नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं, आणि हे वाक्य भाषणात बसेल काय, असंही त्याच दमात येऊन गेलं. मग त्याची मान स्वयंपाकघराकडं वळली. दारात, चौकटीला खांदा टेकून अरुंधती उभी होती. त्याची बायको. हातात पन्ह्याचा जग. ती ना दचकली होती, ना हसत होती. डाळ शिजली का हे बघायला झाकण काढावं तशी ती त्याच्याकडं बघत होती. टेकडी त्याला तिनं दिली होती. कांडशेतहून परत आल्यावरच्या सहाव्या दिवशी, तांदूळ निवडता निवडता.

गिरिधरचं सगळं आयुष्य पाण्याच्या कागदावर गेलं होतं. पाटबंधारे खात्याच्या उपविभागात सव्वीस वर्षं. जे पाणी अडवायचं होतं, जे अडलं नाही, जे आलंच नाही, त्या सगळ्याच्या फायली त्याच्या मागच्या कपाटात दोरीनं आवळून ठेवलेल्या. प्रत्यक्ष पाणी म्हणजे मोती तलाव, तोही चांगल्या वर्षी. बाहत्तरच्या दुष्काळात तलावाच्या तळाला भेगा पडल्या तेव्हा साहेबांबरोबर तो पाहणीला गेला होता आणि भेगेत हातातली छत्री किती जाते ते त्यानं मोजून सांगितलं होतं. दुष्काळ सरल्यावर पहिल्याच हिवाळ्यात चुलतभाऊ केशवचं पत्र आलं. केशव तिकडं कांडशेत बंदरावर कारकून होता. रविवारी लाँचची सफर असते, खाडी दाखवून दोन तासांत परत आणतात, वहिनींना घेऊन या. अरुंधतीनं ते पत्र दोनदा वाचलं आणि डब्यांच्या फळीवर, हाताशी येईल असं ठेवलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, मुलगी परभणीला नांदत होती, आणि आपल्या बायकोला काही बघावंसं वाटतं ही गोष्ट गिरिधरला नवीन होती. ती त्याला थोडी खटकलीसुद्धा. पण तो गेला. रजेच्या अर्जावर त्यानं कारण लिहिलं, 'खाडी पाहणे'. साहेबांनी ते वाचून ऑफिसभर दाखवलं, आणि गिरिधर निघायच्या आधीच प्रसिद्ध झाला.

आता इथं जालन्याच्या एस.टी. स्टँडची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. बस लागली की अरुंधतीनं गर्दीत घुसायचं, खिडकीशी जागा धरायची, शेजारच्या जागेवर पिशवी ठेवायची, आणि कुणी कितीही डोळे वटारले तरी 'माणूस येऊन राह्यलंय' एवढंच म्हणत राहायचं. माणूस खाली टपरीवर चहा प्यायचा. इंजिन सुरू झालं तरी माणूस हलायचा नाही, कारण इंजिन सुरू होणं म्हणजे ड्रायव्हर आता लघवीला जाणार. पहिली घंटा म्हणजे कंडक्टर पान आणायला जाणार. गाडी हात-दोन हात पुढं सरकते ती नुसती आठवण म्हणून. मग कंडक्टर स्वतः टपरीशी येऊन म्हणायचा, 'चला अंबडकर साहेब.' एकवीस वर्षांत एकही गाडी गिरिधरला सोडून गेली नव्हती. कांडशेतच्या धक्क्यावरही त्यानं तेच केलं. लाँच लागली, अरुंधती फळीवरून आत गेली, कठड्याजवळच्या बाकड्यावर बसली, शेजारी पिशवी ठेवली. गिरिधरनं टपरीवर चहा घेतला. इंजिन धडधडू लागलं, तो बशीत चहा ओतत होता. भोंगा झाला, तो फुंकर घालत होता. लाँच हाकणारा सारंग ओरडला, "चला, पाणी चाललं!" "कुठं चाललंय पाणी?" असं गिरिधरनं टपरीवाल्याला विचारलंसुद्धा, विनोद म्हणून. टपरीवाला हसला नाही. म्हणाला, "ओहोटी लागली न्हवं. आता थांबली तर बसेल चिखलात." गिरिधरनं मान वर केली तेव्हा धक्का आणि लाँच यांच्यामध्ये पाणी होतं. फार नव्हतं. कुंडलिका नदीला चांगल्या पावसात असतं तेवढंच. पण ते रुंद होत होतं.

त्यानं हाक मारली नाही. हे तो स्वतःलाही कधी नीट सांगू शकला नाही. चार परक्या माणसांत बायकोला नावानं हाक मारायची कशी, आणि 'अहो सारंग' म्हणायचं तर सारंगाला अहो म्हणतात की अरे, हा प्रश्न पडून तेवढ्यात दहा हात पाणी वाढलं. त्यानं बशी धरलेला हात वर केला. चहा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, गरम होता. आणि अरुंधतीनं वळून पाहिलं. पाहिलं, यात शंका नाही. तिचा पदर वाऱ्यानं डोक्यावरून पडला आणि तिनं तो वर घेतला नाही. तिनं त्याला पाहिलं, बशी पाहिली; मग शेजारच्या जागेवरची पिशवी उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेतली. उभी असलेली एक कोळीण त्या रिकाम्या जागेवर ऐसपैस बसली. लाँच वळली. त्यानंतर गिरिधरला दिसली ती फक्त पाठ. एकवीस वर्षांत ती पाठ त्यानं एवढा वेळ कधी पाहिली नव्हती. जालन्याच्या बसमध्ये कितीही माणसं अंगावर आली तरी ती पिशवी तिनं कधी उचलली नव्हती. धक्क्यावर काढलेल्या पुढच्या अडीच तासांत त्यानं यावर बराच विचार केला आणि असं ठरवलं, की तिला आपण दिसलोच नाही. उन्हाची तिरीप होती. पाण्यावरून येणाऱ्या उजेडात माणसं दिसत नाहीत.

अरुंधती परत आली तेव्हा ओहोटीनं धक्का उघडा पडला होता. लाँच लांब उभी राहिली, माणसं होडीतून अलीकडं आणली आणि शेवटचा टप्पा चिखलातून चालायचा होता. अरुंधती लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून, त्या कोळणीचा हात धरून, पाय रुतवत येत होती आणि हसत होती. मोठ्यानं. तिचा पडलेला खालचा दात दिसावा इतकं. गिरिधरला तिच्या पोटऱ्या दिसल्या, चिखलानं काळ्या. धक्क्यावरच्या सगळ्यांनाच दिसल्या. मग ती जवळ आली, तिनं त्याला पाहिलं, आणि ते हसू तिनं आवरलं. म्हणजे दारात पाहुणे दिसले की वाळत घातलेले घरातले कपडे भराभर गोळा करून आत न्यावेत, तसं. तो म्हणाला, "घरी हे कुणाला सांगायचं न्हाई." ती म्हणाली, "बरं." पाय धुवायला तिनं पाणी मागितलं नाही. चिखल वाळला आणि परतीच्या गाडीत मनमाडपर्यंत पापुद्र्यांनी गळत राहिला. मनमाडला छोट्या गाडीची वाट बघत फलाटावर बसले असताना त्यानं विचारलं, "काय होतं तिकडं?" तिनं पायावरचा वाळल्या चिखलाचा एक पापुद्रा नखानं सोलला. मग म्हणाली, "पाणी."

एवढ्यावर भागलं असतं, पण ऑफिसात पाऊल टाकताच साहेबांनी विचारलं, "काय अंबडकर, झाली का खाडी पाहून?" आणि गिरिधर म्हणाला, "झाली." खोटं नव्हतं, धक्क्यावरून खाडी दिसतेच. साहेब म्हणाले, "बसा, सांगा." साहेबानं 'बसा' म्हणण्याचा एवढ्या नोकरीतला तो पहिला प्रसंग. दुष्काळातून नुकती उठलेली माणसं भोवती जमली. उपाशी माणसानं जेवणावळीची हकीकत ऐकावी तशी ती पाण्याची हकीकत ऐकत होती. किती खोल? किती लांब? गोड का खारं? गिरिधरनं त्या दिवशी वेळ मारून नेली आणि संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढायच्या आधी म्हणाला, "सांग लवकर. उद्या परत विचारतील." अरुंधती तांदूळ निवडत होती. तिनं सगळं एकदम दिलं नाही. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तसं तिचं येऊ लागलं. एका दिवशी पडका पूल, नऊ कमानींचा, मधली कमान कोसळलेली. एका दिवशी काठावरचा बुरूज आणि त्याच्यावर उगवलेला पिंपळ. एका दिवशी पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी, जी पाण्यात पाय सोडून बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीला शिव्या घालत होती. सहाव्या दिवशी टेकडी. कनिष्ठ कारकुनाकडून माहिती मागवावी तशी तो ती मागवून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या सहीनं पुढं पाठवायचा. महिन्याभरात लोक त्याला खाडीवाले म्हणू लागले. गणपतीत बोलावणं आलं, शाळेत आलं, बारशाला गेला तरी बाळाआधी खाडी. गिरिधरचा आवाज सुधारला. तो पान कमी खाऊ लागला. रात्री-अपरात्री नव्हे, भर दुपारी ऑफिसात टेबलावर डोकं टेकलं की त्याला लाँचचा हेलकावा खरोखर जाणवायचा आणि बाकड्याचं लाकूड पाठीला टोचायचं.

फक्त एक अडचण होती. लाँचवर दोन माणसं होती म्हटल्यावर लोक दुसऱ्याकडंही बघायचे. अरुंधती दारात उभी असायची. तिनं काय पाहिलं असं कुणी विचारायच्या आत ती वाट बंद करणं भाग होतं, म्हणून गिरिधरनं हकिगतीत तिची सोय लावली. "हिनं? हिनं तं डोळेच उघडले न्हाईत. लाँच हलली की माझा दंड असा धरला, आन् परत धक्क्याला लागेस्तोवर मारुतीस्तोत्र." इथं तो स्वतःचा दंड धरून डोळे घट्ट मिटून दाखवायचा आणि हमखास हशा यायचा, टेकडीपेक्षा मोठा. दुसऱ्या वर्षी त्यानं तिला उलटी करायला लावली. तिसऱ्या वर्षी ती उलटी सारंगाच्या पायावर झाली. दर वेळी अरुंधती दारात उभी राहून हे ऐकायची, पाहुण्यांबरोबर हसायची आणि रिकामे पेले उचलून न्यायची. तिच्या हसण्यानं गिरिधरला बरं वाटायचं. तिलाही आता तसंच आठवत असणार, अशी त्याची खात्री होत चालली होती. माणसाला एखादी गोष्ट पुष्कळदा सांगितली की ती त्याच्यावर घडते, हा ऑफिसातला अनुभव होता.

आणि आता या बाईंनी टेकडी काढली, तशी बाकीची भिंतही एकेक चिरा सुटून खाली यायला लागली. नऊ कमानींचा पडका पूल. अरे, तो कुंडलिकेवरचा. पलीकडं जाताना अरुंधती रिक्षातून दर वेळी त्याच्या कमानी मोजते. बुरूज म्हणजे मस्तगडाचा, पिंपळासकट. आणि पाण्यात पाय सोडून शिव्या घालणारी पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी म्हणजे दुसरं कोण, आपली आई! न्हाणीघरात बादलीत पाय बुडवून बसायची आणि सुनेला जन्मभर घातल्या तेवढ्या शिव्या मरेपर्यंत तिथूनच घालायची. ती काठावर बसवली होती अरुंधतीनं. आणि आपण जालनाभर सांगत फिरलो, 'काय ती भयंकर बाई, देवानं माणूस म्हणून कशाला घडवलं तिला,' आणि लोक पोट धरून हसले. एक मासा, एक बगळा, एक माड तिनं तिकडचा दिला नव्हता. सगळं जालना-अंबड पाण्यात बुडवून तिनं त्याच्या हातात ठेवला होता, आणि जे तिथं खरोखर होतं ते, ज्याला पाहून ती चिखलातून तशी हसत आली ते, तिच्यापाशी कोरडं राहिलं होतं. गिरिधरला एकदम तहान लागली. समोर पन्हं होतं, पण ती ह्या तहानेवरची वस्तू नव्हती.

"अहो, नक्कल मारली का काय टेकडीची?" अप्पाराव डोळे पुसत म्हणाला. "बाई, तुमचं ध्यान नसंल. पोरींच्या वह्या तपासत जात असताल लाँचमधून." सत्यशीलाबाई म्हणाल्या, "टेकडी काय वहीआड लपती का, दादा?" गिरिधर खाकरला. तो म्हणाला की खाडी मोठी असते, तिला फाटे असतात, रोजची लाँच आणि सफरीची लाँच एकाच फाट्यानं जात नाही, आणि एकदा तर भरतीला पाणी इतकं चढलं होतं की... काय इतकं चढलं होतं ते त्यालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग, त्याला अडचणीत धरायचं म्हणून नव्हे, तर तिथं चार वर्षं राहिलेल्या माणसाला तिथलं कुणी भेटलं की बोलावंसं वाटतं म्हणून, त्या दाराकडं वळल्या. "वहिनी, तुम्ही पन होत्या ना? नदीचं पाणी आन् समुद्राचं पाणी जिथं मिळतं ती रेघ पाह्यली का तुम्ही? ती दिसली का?" अरुंधतीच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. फार थोडं, लाँच सुटायच्या आधी पाणी हलतं तेवढं. कौसल्या मध्येच म्हणाली, "त्यांना काय विचारता बाई! त्यांचे तं डोळेच मिटलेले. मारुतीस्तोत्र चालल्तं." आणि पदरात हसली.

"माझे डोळे उघडे होते," अरुंधती म्हणाली. तिनं हातातला जग खाली फरशीवर ठेवला. "हे नव्हते बोटीत. धक्क्यावर राह्यले, चहा पीत. मी एकटी गेल्ते."

खोलीत पंखा फिरत होता आणि दर फेरीला एकदा किरकिरत होता. गिरिधरनं चार किरकिरी मोजल्या. त्या चार किरकिरींत त्याला लख्ख दिसलं, की इथून एक वाट सरळ बाहेर जाते. 'खरंय,' एवढंच म्हणायचं. म्हणायचं, खरंय, बस समजून चहा पीत राहिलो आणि लाँच गेली निघून. लोक हसतील, चांगले हसतील, टेकडीपेक्षा ही गोष्ट कितीतरी सुंदर आहे आणि शिवाय आपल्यावर घडलेली आहे. अरुंधती दाराची चौकट सोडून पुढं येईल, खुर्चीवर बसेल, बाईंशी त्या रेघेबद्दल बोलेल. आपल्यालाही ऐकायला मिळेल. हे सगळं हाताच्या अंतरावर होतं. पण शनिवारचा फळा चौकात लागला होता, आणि त्यावर वक्त्याचं नाव होतं, धक्क्यावरच्या माणसाचं नव्हे. खाडी काढून घेतली तर मागं काय उरतं ते त्याला पक्कं माहीत होतं: दोरीनं आवळलेल्या फायली, आणि 'बसा' न म्हणणारा साहेब. तेवढ्यात अप्पारावनं मांडीवर थाप मारली. "अरारारा! वहिनींनी आज बराबर बदला घेतला!" वाट तिथंच बुजली. गिरिधरच्या तोंडून, त्यानं न बोलावता, ते वाक्य आलं. ते त्यानं बायकोकडं बघून, डोळा बारीक करून, छान टप्प्याटप्प्यानं म्हटलं.

"अस्सं? मी धक्क्यावर. मंग दोन तास तुला धरून कोण बसल्तं? सारंग?"

अप्पारावला ठसका लागला. कौसल्यानं 'इश्श' म्हणून तोंडावर पदर घेतला आणि पदराआड तिचे खांदे गदगदा हलत राहिले. सव्वादोन वर्षांत इतका मोठा हशा कधी आला नव्हता, हे गिरिधरच्या लक्षात आलं, आणि पुढच्या वेळी हे वाक्य कुठं घालायचं तेही. तोही हसला. अरुंधती तेवढी हसली नाही. आजवर ती हसत आली होती, म्हणून तिचं न हसणं एवढ्या गोंगाटात वेगळं ऐकू आलं. तिनं वाकून जग उचलला. सत्यशीलाबाई उठल्या, पर्स खांद्याला लावली. "ओळख दुसऱ्या कुणाच्या हातून करून घ्या, दादा," त्या अप्पारावला म्हणाल्या. "मला ती खाडी माहीत न्हाई, साहेब सांगतेत ती." मग त्या दाराशी गेल्या, अरुंधतीच्या अगदी जवळ उभ्या राहून हळूच काहीतरी बोलल्या. अरुंधतीनंही काहीतरी सांगितलं; चार-पाच शब्द असतील. बाईंचा चेहरा उजळला. "हो ना?" त्या म्हणाल्या, "तिथंच!" आणि चपला घालून निघून गेल्या. अप्पाराव म्हणाला, "मास्तरीण हाय, मनावर घेऊ नका. शनिवारी ओळख मीच करून देतो. सारंगाचं मात्र सोडू नका साहेब, तेच्यावर टाळ्या हायेत."

ते दोघं गेले तेव्हा उन्हं कलली होती आणि समोरच्या भिंतीवर खिडकीचा पिवळा चौकोन पडला होता. अरुंधती पेले गोळा करत होती. गिरिधर पंख्याखाली बसून राहिला. हशा ओसरल्यावर त्याच्या छातीत काहीतरी रिकामं वाजत होतं, आणि ते पश्चात्तापासारखं होतं, पण नीट तपासल्यावर ती काळजी निघाली. शनिवारी बाई समोर येऊन बसल्या तर? टेकडी काढावी लागेल. पूल, बुरूज, आई, सगळंच काढावं लागेल. तिथं खरं काय घालायचं? पाच शब्दांत असं काय सांगितलं हिनं तिला, की ती परकी बाई तशी उजळली? आपल्याला कधी दिले नाहीत ते शब्द तिला उंबऱ्यात उभ्या उभ्या दिले. त्याला राग आला, मग तो राग बाजूला ठेवून त्यानं आवाज मऊ केला. "अरुंधती, हे बघ. मगाशी ते आपलं गमतीत झालं. बस इथं." ती बसली. अप्पाराव बसला होता त्याच खुर्चीवर, हातात एकात एक घातलेले पेले धरून. "आता खरं सांग. काय होतं तिकडं? ती रेघ कशी दिसते? बाईला काय सांगितलंस?"

अरुंधतीनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. पाहुणे बघतात तसं, सांगणाऱ्याकडं, उत्सुकतेनं.

"तुम्ही होते ना सोबत," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."

तिनं पेले खाली ठेवले, हात मांडीत घेतले आणि ती खरंच ऐकायला बसली. गिरिधरला आधी वाटलं, चिडवते आहे. मग तिचा चेहरा तसाच राहिलेला पाहून त्याला वाटलं, नाही, सुरुवात केली तर ही मधेच बोलेल, चुकलं तर सुधारेल, तसंच काढून घेता येईल. सव्वीस वर्षांत याहून हट्टी कपाटं आपण उघडली आहेत. तो खुर्चीत सावरून बसला. घसा साफ केला. उजवा हात पालथा केला, पाण्यासारखा.

"लाँच सुटली," तो म्हणाला.

आणि पुढं काही आलं नाही. हात हवेत सपाट धरून तो शोधू लागला. धडधडणारं इंजिन होतं, ते धक्क्यावरून ऐकलेलं. धूर होता. वळताना लाँचच्या मागं पाण्यात उमटलेली पांढरी नांगरट होती, ती मिटत गेलेली. त्याच्यापलीकडं, जिथं खाडी वळते तिथून पुढं, त्याच्याकडं काहीच नव्हतं.

"मंग?" अरुंधतीनं विचारलं.